एक्सेलमधल्या रेंजना नावं देऊन कोडमधून वापरताना काय टिकतं आणि काय तुटतं

विचारणा थोडक्यात अशी. लातूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीन-तुरीच्या खरेदीची एक्सेल फाइल आहे. 'दर' या शीटवर भाव, ओलाव्याची मर्यादा, हमाली, बारदाना. 'खरेदी' या शीटवर काट्यावरची रोजची वजनं. पायथनचा छोटा प्रोग्राम त्यावरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढतो आणि सोयाबीनचा भाव 'दर' शीटच्या बी२ मधून उचलतो. ऑफिसमधल्या कुणीतरी तुरीसाठी वर एक ओळ घातली आणि सोयाबीनच्या पट्ट्या तुरीच्या भावाने निघाल्या. सेलला नाव दिलं तर हे थांबेल का, ओपनपायएक्सेल या एक्सेल फाइली वाचण्या-लिहिण्याच्या पायथन लायब्ररीमधून ते नाव कसं वाचायचं, रोज ओळी वाढतात तेव्हा नावाची रेंज वाढते का, आणि हेच गूगल शीट्सवर चालेल का, असे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर हो. इथे ओळ घालणारा माणूस चुकलेला नाही. शीटमध्ये ओळी घालणं हे त्याचं कामच आहे. चूक बी२ हा पत्ता कोडमध्ये लिहिण्यात आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आणि तुरीचा ८००० रुपये. दोन्ही आकडे भाव म्हणून शोभणारे, त्यामुळे प्रोग्राम अडखळत नाही, गुपचूप चुकीची पट्टी काढतो. नाव वापरलं तर ते सापडतं किंवा सापडत नाही. आणि सापडलं नाही तर प्रोग्राम थांबतो. पैशाच्या हिशेबात थांबलेला प्रोग्राम केव्हाही बरा.

मात्र एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. रेंजचं नाव म्हणजे फाइलमध्ये साठवलेलं एक सूत्र असतं: दर_सोयाबीन या नावापुढे =दर!$बी$२ असा मजकूर लिहिलेला असतो, बस. ओळ घातली की हा मजकूर $बी$३ करण्याचं काम एक्सेल हा प्रोग्राम करतो. फाइल स्वतः काही करत नाही आणि ओपनपायएक्सेलही करत नाही. म्हणजे ऑफिसमधल्या माणसाने एक्सेल उघडून ओळ घातली तर नाव बरोबर सरकेल. तुम्ही कोडमधून इन्सर्ट_रोज वापरून ओळ घातलीत तर सेल खाली जातील, पण नाव, सूत्रं, तक्ते, आलेख सगळे जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतील. शीटचं नाव बदलण्याचंही तसंच. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा अनेक फाइलींमधल्या शीटची नावं बदलावी लागली; एक्सेलमध्ये टॅबवर दोनदा क्लिक करून बदललं तर सगळ्या रेंजनावांमधलं शीटचं नाव आपोआप बदलतं. ओपनपायएक्सेलमध्ये पान.टायटल (पान म्हणजे कोडमधली शीट) बदललं तर नावाच्या मजकुरात जुनंच शीटनाव राहतं आणि ते कुठेच पोचत नाही. म्हणून माझा आग्रह असा: फाइलची रचना एक्सेलमध्ये बदला, कोडने फक्त किमती वाचाव्यात आणि लिहाव्यात.

आता वाचण्याकडे. खाली कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. प्रत्यक्षात तो आणि रेंजची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि रेंजची नावं सगळी लहान लिपीत. लहान लिपीचा आग्रह विनाकारण नाही. एक्सेलला नावातल्या मोठ्या-लहान अक्षरांचा फरक दिसत नाही, पायथनच्या डिक्शनरीला दिसतो. एक्सेलच्या सूत्रात चालणारं नाव कोडमध्ये कीएरर (नाव सापडलं नाही अशी चूक) देतं ते बऱ्याचदा एवढ्यामुळे.

```
फ्रॉम ओपनपायएक्सेल इम्पोर्ट लोड_वर्कबुक

डेफ भाग_आण(वही, नाव):
    व्याख्या = वही.डिफाइन्ड_नेम्स.गेट(नाव)
    इफ व्याख्या इज नन:
        रेझ कीएरर("नाव सापडलं नाही: " + नाव)
    इफ "#आरईएफ!" इन व्याख्या.अ‍ॅटर_टेक्स्ट:
        रेझ व्हॅल्यूएरर("नाव तुटलं आहे: " + नाव)
    जागा = लिस्ट(व्याख्या.डेस्टिनेशन्स)
    इफ लेन(जागा) != १:
        रेझ व्हॅल्यूएरर("एकच रेंज हवी: " + नाव)
    शीटनाव, पत्ता = जागा[०]
    भाग = वही[शीटनाव][पत्ता]
    इफ नॉट इजइन्स्टन्स(भाग, टपल):
        भाग = ((भाग,),)
    रिटर्न भाग

वही = लोड_वर्कबुक("खरेदी.एक्सएलएसएक्स", डेटा_ओन्ली=ट्रू)
भाव = भाग_आण(वही, "दर_सोयाबीन")[०][०].व्हॅल्यू
```

ही रचना ओपनपायएक्सेल ३.१ आणि त्यापुढच्या आवृत्तीसाठी आहे. ३.१ आली २०२३ च्या सुरुवातीला, आणि तिथे डिफाइन्ड_नेम्स डिक्शनरीसारखं झालं. त्याआधी ती एक यादी होती, नाव जोडायला अपेंड वापरायचे, आणि क्रिएट_नेम्ड_रेंज नावाचं फंक्शन होतं जे आता वापरू नये असं ठरवलं आहे. इंटरनेटवरची बरीच जुनी उत्तरं त्या काळातली असल्याने ती चिकटवली की अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो. पिप शो ओपनपायएक्सेल करून आवृत्ती आधी बघा.

फंक्शनमधल्या शेवटच्या तपासणीकडे लक्ष द्या. नाव एका सेलचं असेल तर वही[शीटनाव][पत्ता] थेट सेल देतं. अनेक सेलचं असेल तर ओळींचा टपल (पायथनमधली न बदलणारी यादी), आणि प्रत्येक ओळ पुन्हा टपल. आज दर_सोयाबीन एका सेलचं आहे, उद्या कुणी मालाच्या दोन प्रतींसाठी दोन सेलचं केलं तर .व्हॅल्यू लगेच फुटेल. दोन्ही प्रकार एकाच आकारात आणले की पुढचा कोड सारखा राहतो. पूर्ण स्तंभाला, म्हणजे $बी:$बी ला, नाव देऊ नका. एका पूर्ण स्तंभासाठी ओपनपायएक्सेल ओळींचा टपल न देता सेलचा सपाट टपल देतं, आणि वरचं फंक्शन तिथे फसेल.

डेस्टिनेशन्स, म्हणजे नाव ज्या शीट-पत्त्यांकडे बोट दाखवतं त्यांची यादी, रिकामी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावामागे रेंजच नसणं. नेम मॅनेजरमध्ये, म्हणजे एक्सेलमधल्या नावांच्या यादीत, ओलावा_मर्यादा या नावासमोर सरळ =१२ असंही लिहिता येतं. हे सोयीचं वाटतं, पण मी सुचवणार नाही. २०२४ च्या खरिपात हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली गेली. असा बदल हंगामाच्या मध्येच येतो, आणि तो आकडा शीटवर कुठेच दिसत नसेल तर बदलायचं कुणाच्या ध्यानात येणार? मर्यादा 'दर' शीटवरच्या सेलमध्ये ठेवा आणि त्या सेलला नाव द्या. शेजारच्या सेलमध्ये ती कधीपासून लागू आहे ती तारीख लिहा.

डेटा_ओन्ली=ट्रू ची दुसरी बाजू गंभीर आहे. ओपनपायएक्सेल सूत्रं सोडवत नाही. हा पर्याय दिला की एक्सेलने शेवटचं सेव्ह करताना साठवलेलं उत्तर मिळतं. दिला नाही तर सूत्राचा मजकूर मिळतो. दोन परिणाम लक्षात ठेवा. फाइल कोडने सेव्ह केली आणि नंतर एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलीच नाही, तर सूत्रांच्या सेलमध्ये नन मिळेल. आणि डेटा_ओन्ली=ट्रू ने उघडलेली वही तुम्ही त्याच नावाने सेव्ह केलीत तर सगळी सूत्रं कायमची जाऊन फक्त आकडे उरतील. वाचायला एक वही, लिहायला वेगळी उघडलेली वही. ही शिस्त मोडू नका. फाइलमध्ये मॅक्रो असतील तर लिहिणारी वही कीप_व्हीबीए=ट्रू ने उघडा, आणि शीटवर काढलेले आकार, बटणं ओपनपायएक्सेलमधून गेल्यावर शिल्लक राहत नाहीत हे गृहीत धरून आधी प्रत काढा.

नाव सापडतच नाही, पण एक्सेलमध्ये तर दिसतंय, असं झालं तर नेम मॅनेजरमधला व्याप्तीचा स्तंभ बघा. नाव पूर्ण वर्कबुकचं असू शकतं किंवा एकाच शीटपुरतं. शीटपुरतं असेल तर ते वही.डिफाइन्ड_नेम्स मध्ये नसतं, पान.डिफाइन्ड_नेम्स मध्ये असतं. अशी नावं मुद्दाम कुणी करत नाही. शीटची प्रत काढताना ती जन्माला येतात. मागच्या हंगामाची 'दर' शीट कॉपी करून नवा हंगाम सुरू करणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. प्रत काढली की मूळ दर_सोयाबीन जुन्या शीटकडेच राहतं आणि नव्या शीटवर त्याच नावाची शीटपुरती प्रत तयार होते. नव्या शीटवर लिहिलेलं सूत्र शीटपुरतं नाव आधी धरतं, म्हणून ऑफिसमधल्या माणसाला ५३२८ दिसतो. कोड वर्कबुकचं नाव धरतो आणि त्याला २०२४-२५ च्या हंगामाचा ४८९२ मिळतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पट्टीत क्विंटलमागे ४३६ रुपयांचा फरक. यावर उपाय म्हणजे शीटची प्रत काढण्याऐवजी सगळी फाइल सेव्ह अ‍ॅज करून नव्या हंगामाची फाइल बनवणं. एकाच फाइलीत दोन हंगाम हवेच असतील तर 'दर' शीटवर हंगामाचा स्तंभ ठेवा आणि चालू हंगाम एका नावाच्या सेलमध्ये लिहा.

नावं ठेवतानाही एक खड्डा आहे, आणि तो मराठी धान्यांच्या नावांनी नेमका भरलेला आहे. एक्सेलमध्ये सेलच्या पत्त्यासारखं दिसणारं नाव चालत नाही. स्तंभ ए पासून एक्सएफडी पर्यंत, म्हणजे १६,३८४. तेव्हा इंग्रजीत टी-यू-आर आणि पुढे २०२५ असं नाव देऊ गेलात तर एक्सेल नाकारेल, कारण टीयूआर हा १४,०८४ वा स्तंभ आहे आणि टीयूआर२०२५ हा खराखुरा सेल आहे. एमयूजी१ म्हणजे मूग१, डीएआर२ म्हणजे दर२, यांचंही तेच. चार अक्षरांचं सोया२०२५ मात्र चालतं. जुन्या एक्सएलएस फाइलीत स्तंभ आयव्ही पर्यंत, २५६ च होते, त्यामुळे तिथे तूर२०१० सारखी नावं कायदेशीर होती; ती फाइल एक्सएलएसएक्समध्ये बदलताना एक्सेल अशा नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर जोडतं आणि कोडला जुनं नाव सापडत नाही. ओपनपायएक्सेल नावाची अशी छाननी करत नाही. ते निमूट लिहितं, आणि फाइल उघडताना एक्सेल दुरुस्तीचा संदेश दाखवून ती नावं उडवतं. शब्द आणि आकडा यांच्यामध्ये अंडरस्कोर टाका, तूर_२०२५, की प्रश्न मिटला. नावात मोकळी जागा चालत नाही, सुरुवात आकड्याने होत नाही, आणि नुसतं आर किंवा नुसतं सी हे अक्षरही नाव म्हणून चालत नाही.

शीटची नावं तुम्ही मराठीत ठेवली आहेत, ती ठेवा. उलट रेंजना नावं देण्याचं मला सगळ्यांत मोठं वाटणारं कारण हेच आहे. 'शेतकऱ्यांची यादी' हे शीटनाव घ्या. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यावर साधा 'र', हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. ऑफिसमध्ये एका पद्धतीने टाइप झालेलं शीटनाव तुम्ही कोडमध्ये दुसऱ्या पद्धतीने लिहिलंत तर कीएरर येतो आणि डोळ्यांना चूक दिसतच नाही. नावाच्या वाटेने गेलात तर शीटनाव तुम्हाला टाइपच करावं लागत नाही, डेस्टिनेशन्स ते फाइलमधून जसंच्या तसं आणून देतं.

व्हीबीए या एक्सेलच्या आतल्या मॅक्रोंच्या भाषेत तर हा फायदा दुप्पट आहे. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात, त्यामुळे वर्कशीट्स("खरेदी") असं लिहिताच येत नाही. त्याऐवजी:

```
भाव = धिसवर्कबुक.नेम्स("दर_सोयाबीन").रेफर्सटूरेंज.व्हॅल्यू
```

नुसतं रेंज("दर_सोयाबीन") लिहिलं तर साध्या मोड्यूलमध्ये ते त्या क्षणी समोर असलेल्या वर्कबुकमध्ये शोधलं जातं. दुसरी फाइल समोर असली की १००४ क्रमांकाची चूक. एखाद्या शीटच्या वस्तूवर .रेंज("नाव") म्हटलं आणि ते नाव दुसऱ्या शीटकडे बोट दाखवत असेल तरी १००४ च.

नवं नाव तयार करताना दोन्हीकडचा नियम नेमका उलटा आहे. व्हीबीएमध्ये नेम्स.अ‍ॅड ला रेफर्सटू देताना सुरुवातीला बरोबरचं चिन्ह हवंच. विसरलात तर नावामागे रेंज न बसता तो पत्ता नुसता मजकूर म्हणून बसतो आणि कसलीही चूक दाखवली जात नाही. ओपनपायएक्सेलमध्ये ते चिन्ह द्यायचं नाही:

```
फ्रॉम ओपनपायएक्सेल.वर्कबुक.डिफाइन्ड_नेम इम्पोर्ट डिफाइन्डनेम
फ्रॉम ओपनपायएक्सेल.युटिल्स इम्पोर्ट कोट_शीटनेम, अ‍ॅब्सोल्यूट_कोऑर्डिनेट

संदर्भ = कोट_शीटनेम(पान.टायटल) + "!" + अ‍ॅब्सोल्यूट_कोऑर्डिनेट("बी२:बी५०")
वही.डिफाइन्ड_नेम्स["वजन_यादी"] = डिफाइन्डनेम("वजन_यादी", अ‍ॅटर_टेक्स्ट=संदर्भ)
```

कोट_शीटनेम शीटनावाभोवती एकेरी अवतरण लावतं, जे मोकळी जागा असलेल्या शीटनावाला लागतंच. अ‍ॅब्सोल्यूट_कोऑर्डिनेट डॉलर लावतं. डॉलर राहिले तर नाव कर्सरच्या जागेनुसार सरकतं: ए१ वर उभं राहिलं तर एक सेल, सी५ वर उभं राहिलं तर दुसराच. 'सकाळी बरोबर होतं, दुपारी चुकलं' अशी तक्रार असेल तर नेम मॅनेजरमध्ये डॉलर आहेत का ते आधी पाहा.

ओळी वाढण्याचा प्रश्न. वजन_यादी $बी$२:$बी$५० असेल आणि कुणी २० व्या ओळीवर नवी ओळ घातली तर एक्सेल रेंज ५१ पर्यंत वाढवतं. पण काट्यावरचं वजन मध्ये कोण घालतं, ते खाली ५१ व्या ओळीत लिहिलं जातं, आणि ते नावाच्या बाहेरच राहतं. दुसऱ्या ओळीच्या वर घातलेली ओळही बाहेरच. सगळी रेंज खाली सरकते. कापून-चिकटवण्याने तर नाव मरतं: दुसरा सेल कट करून नावाच्या सेलवर पेस्ट केला की तिथे #आरईएफ! येतं. कॉपी करून पेस्ट केलं तर येत नाही. डेटा भरणाऱ्यांना एवढं एक सांगून ठेवा.

ऑफसेट किंवा इंडेक्स-काउंटए वापरून आपोआप वाढणारं नाव करता येतं, एक्सेलच्या आत ते छान चालतं. पायथनसाठी मात्र ते निरुपयोगी, कारण सूत्र सोडवल्याशिवाय पत्ता कळत नाही आणि ओपनपायएक्सेल ते सोडवत नाही. संगणकावर एक्सेल असेल तर एक्सएलविंग्ज ही दुसरी पायथन लायब्ररी वापरता येईल. ते खुद्द एक्सेलकडूनच काम करून घेतं, म्हणून वही.नेम्स["वजन_यादी"].रेफर्स_टू_रेंज खरा पत्ता देतं.

तुमच्या खरेदीसाठी मी तक्ता निवडेन, म्हणजे माहितीवर उभं राहून कंट्रोल-टी. शेवटच्या ओळीखाली टाइप केलं की तक्ता स्वतः वाढतो आणि त्याची हद्द फाइलमध्ये साध्या पत्त्याच्या रूपात लिहिलेली असते: पान.टेबल्स["खरेदी_तक्ता"].रेफ. त्याच रेफने पान[रेफ] केलं की शीर्षकासकट सगळ्या ओळी मिळतात. तक्त्याचं नाव आणि रेंजचं नाव एकच ठेवता येत नाही. बेरजेची ओळ तक्त्यात चालू करू नका. ती असली की खाली टाइप केल्याने तक्ता वाढत नाही. बेरीज 'दर' शीटवर किंवा वेगळ्या शीटवर घ्या.

कोडमधून तक्त्यात ओळ टाकायची असेल तर हद्द तुम्हालाच वाढवावी लागते: सेल भरा, मग तक्ता.रेफ नवा द्या, आणि तक्त्याला फिल्टर असेल तर तक्ता.ऑटोफिल्टर.रेफ सुद्धा तोच द्या. पान.अपेंड वर विसंबू नका. कुणी हजाराव्या ओळीपर्यंत चौकटी आखून ठेवल्या असतील तर ओपनपायएक्सेल त्या रिकाम्या सेलनाही वापरलेले धरतं आणि नवं वजन १००१ व्या ओळीत जातं. तक्त्याच्या रेफमधून शेवटची ओळ काढून तिच्या पुढच्या ओळीत लिहा.

पांडास ही तक्त्यांवर काम करणारी पायथन लायब्ररी वापरत असाल तर दोनच गोष्टी. रीड_एक्सेल ला रेंजचं नाव देता येत नाही, आधी वरच्या फंक्शनने सेल आणून त्यांचा डेटाफ्रेम करा. आणि टू_एक्सेल ला नुसतं फाइलचं नाव दिलं तर ती फाइल नव्याने तयार होते, सगळी रेंजनावं जातात; एक्सेलरायटर मोड="ए" आणि इफ_शीट_एग्झिस्ट्स="ओव्हरले" ने उघडा. हा ओव्हरले पांडास १.४ पासून आहे.

गूगल शीट्सवर कल्पना तीच, घर वेगळं. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये स्प्रेडशीटवर गेटरेंजबायनेम("दर_सोयाबीन") म्हणा. नाव नसेल तर चूक येत नाही, नल मिळतो, म्हणून लगेच तपासा; नाहीतर पुढच्या ओळीत गेटव्हॅल्यू वर भलताच संदेश येतो. नवं नाव सेटनेम्डरेंज ने, आणि असलेल्या नावाची हद्द वाढवायला गेटनेम्डरेंजेस मधून ते शोधून त्यावर सेटरेंज. तिथे नावामागे सेलच लागतात, =१२ सारखा स्थिरांक ठेवता येत नाही. आणि एक मोठा फरक: अ‍ॅप्स स्क्रिप्टमधून ओळ घातली तरी गूगल स्वतः नावाचा पत्ता सरकवतं, कारण तिथे तुमचा कोड फाइलवर नाही, चालू असलेल्या शीटवरच काम करत असतो. बाहेरून पायथनने शीट्स एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठीची गूगलची वाट, वापरत असाल तर मूल्यं मागताना रेंजच्या जागी थेट नाव लिहा, पत्त्याची गरज नाही. पण उत्तरात शेवटचे रिकामे सेल गाळलेले असतात. पन्नास ओळींची रेंज मागून बारा ओळी आल्या तर ती बिघाड नाही; लांबी गृहीत न धरता आलेल्या ओळींवरच फिरा.